शंभरी ओलांडलेलं पिस्तूल

श्रोतेहो, १९११ साली मोटारगाडी, टेलिफोन आणि विमान जसं दिसत होतं, तसं ते आज फक्त संग्रहालयात पाहायला मिळतं. पण त्याच वर्षी अमेरिकी सैन्याने स्वीकारलेलं एक पिस्तूल आजही नवं कोरं तयार होतं, दुकानात मिळतं आणि लोक ते हौसेने विकत घेतात. सैन्याने त्याला सालाचंच नाव दिलं, ‘एम १९११’. कोल्ट कंपनीने ते प्रथम बनवलं, म्हणून कोणी त्याला ‘कोल्ट फॉर्टीफाइव्ह’ही म्हणतात.

मी टूलरूममधला माणूस. पुण्यात काम शिकलो, पुढे ओहायो राज्यात पंचवीस वर्षं नोकरी केली. तिथल्या नेमबाजीच्या क्लबात हे पिस्तूल मी बाळगलं आणि चालवलंही. ‘एवढं आहे तरी काय त्यात?’ असं इथले मित्र नेहमी विचारतात. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

हे पिस्तूल जॉन ब्राउनिंग या कारागिराचं. १८५५ साली युटा राज्यातल्या ऑग्डेन गावी त्याचा जन्म झाला. वडील बंदुका दुरुस्त करत, त्यांच्याच दुकानात तो हे काम शिकला. पिस्तूल स्वीकारण्यापूर्वी सैन्याने त्याची कठोर परीक्षा घेतली. ६,००० गोळ्या झाडल्या. दर हजार गोळ्यांनंतर साफसफाई आणि तेलपाणी होई. प्रतिस्पर्धी पिस्तूल त्यात ३७ वेळा अडलं, ब्राउनिंगचं एकदाही नाही. पुढे १९८५ सालापर्यंत ते अमेरिकी सैन्याचं अधिकृत पिस्तूल होतं.

त्याची रचना समजायला सोपी आहे. नळीच्या पाठीवर दोन उंचवटे असतात, ते वरच्या स्लाइडच्या खाचांत बसतात. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड, दोन्ही हातात हात घालून थोड्या मागे सरकतात. तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते. मग एका छोट्या कडीमुळे नळीचं मागचं टोक खाली झुकतं, खाचा सुटतात आणि स्लाइड एकटीच मागे जाते. जाता जाता रिकामं काडतूस बाहेर फेकते, घोडा चढवते आणि परतताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत ढकलते. हे सगळं डोळ्यांची पापणी लवायच्या आत. मूठ नीट पकडली नसेल तर चाप ओढूनही गोळी सुटत नाही, कारण मुठीच्या मागे तशी कळच बसवलेली आहे. आणि साफसफाईसाठी पिस्तूल उघडायचं तर कुठलंही अवजार लागत नाही, दोन हात पुरतात.

माझ्यासारख्याला मोह पडला तो इथे. आज घरातलं कुठलंही यंत्र बिघडलं तर आपण काय करतो? ‘नवीनच घ्या’ असं ऐकून परत येतो. झाकण उघडलं तरी आत काय चाललंय ते कळत नाही. हे पिस्तूल मालकापासून काही लपवत नाही. नळीच्या तोंडाशी एक बुश असतं. ते सैल असेल तर नेम पसरतो. नवं बुश आणून, पॉलिशपेपरने घासून, पुन्हा पुन्हा बसवून पाहत मी ते जुळवलं, तेव्हा लक्ष्यावरची भोकं जवळ जवळ आली. आपल्या हातच्या कामाचा असा रोखठोक हिशेब फार थोड्या वस्तू देतात.

दुसऱ्या महायुद्धात कोल्टखेरीज इतर कारखान्यांनीही हे पिस्तूल बनवलं. त्यात टाइपरायटरवाली रेमिंग्टन रँड होती, रेल्वेचे सिग्नल बनवणारी कंपनी होती. आपल्या आजीच्या घरी जिचं शिवणयंत्र असायचं, त्या सिंगर कंपनीनेही अवघी ५०० पिस्तुलं बनवली. संग्राहक आज त्यांच्यासाठी जीव टाकतात.

चालवायला मात्र ते सोपं नाही. वजन किलोभराहून अधिक आणि काडतूस जाडजूड. अमेरिकेत एका हाताने नेम धरायची जुनी स्पर्धा आहे. ५० यार्डांवर दहा मिनिटांत दहा गोळ्या, मग २५ यार्डांवर वीस सेकंदांत पाच आणि शेवटी दहा सेकंदांत पाच. ओहायोतल्या ईरी सरोवराकाठी, कॅम्प पेरी इथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरत आले. तिथे सत्तरीतले नेमबाज शांतपणे उभे असतात. हात थरथरला, श्वास चुकला, मनात घाई आली, की लक्ष्याचा कागद चहाडी करतो. ताकदीपेक्षा तिथे मन ताब्यात असावं लागतं.

पण श्रोतेहो, एवढ्यावर थांबलो तर ते अर्धवट होईल. मराठीत ‘हत्यार’ हा शब्द सुताराच्या पटाशीलाही चालतो आणि तलवारीलाही. खंडेनवमीला आम्ही लेथला हार घालतो, तसं हे पिस्तूलही पूजेत ठेवावं का, असं माझ्या बहिणीने एकदा विचारलं होतं. मी ठेवलं नाही. लेथ वस्तू घडवण्यासाठी असतो. पिस्तूल माणूस पाडण्यासाठी घडवलेलं आहे. फिलिपिन्समधल्या लढायांत जुन्या रिव्हॉल्वरच्या गोळ्यांनी चालून येणारा माणूस थांबत नव्हता, म्हणून सैन्याला मोठी गोळी हवी होती. हे विसरून त्या रचनेचं कौतुक करता येत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणजे घरातल्या शस्त्राचा धोका चोरापेक्षा घरातल्यांनाच जास्त. माझा मुलगा वयात येत होता, परीक्षेचा ताण होता, त्या वर्षांत मी पिस्तूल एका तिजोरीत आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवत असे. दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. त्याच्यावर अविश्वास होता म्हणून नव्हे. एखादी वाईट रात्र कुणाच्याही वाट्याला येऊ शकते म्हणून.

भारतात परतताना मी ते विकलं. परवानाधारक दुकानदारामार्फत, रीतसर चौकशी होऊन, क्लबातल्या एका तरुणाने ते घेतलं. त्याने माझ्यासमोर ते उघडलं, कडी अंगठ्याने हलवून पाहिली आणि पुन्हा जोडलं. मी त्याला एवढंच विचारलं, ‘घरी तिजोरी आहे ना?’ ‘दोन आहेत,’ तो म्हणाला. मग मी पेटीसोबत त्याला माझी तेलाची बाटलीही देऊन टाकली.