न्हाणी ही चैन नव्हे

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



आज बचत-कर्जाच्या हिशोबाआधी दहा मिनिटं न्हाणीघरावर बोलणार आहे. हसू नका! दिवसभर भांगलण करून किंवा ऊस बांधून आल्यावर अंगावर गरम पाणी पडलं की कसं मोकळं वाटतं, ते तुम्हीच मला सांगता. पण गुडघे दुखायला लागले की हाच आराम पहिल्यांदा सुटतो. घसरायची भीती वाटते, खाली बसलं की उठवत नाही. मग आज्जी म्हणते, "आज नको, उद्या करते अंघोळ." तो आळस नसतो, भीती असते.

मोबाईलवर दार असलेल्या स्पा टबच्या जाहिराती येतात. दार उघडून आत बसायचं आणि फवाऱ्यानं अंग शेकायचं. ऐकायला छान आहे. पण आत बसून दार लावल्यावर टब भरेपर्यंत थांबायचं, आणि पाणी पूर्ण उतरल्याशिवाय दार उघडायचं नाही. तोवर ओल्या अंगानं कुडकुडायचं. एका वेळी २०० लिटरच्या आसपास पाणी लागतं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे एका अंघोळीत साडेतीन माणसांचं दिवसाचं पाणी गेलं. माण-खटाव, जत-आटपाडीच्या बायांना यापुढं काही सांगायला नको.

तोच आराम आपल्या न्हाणीत, एका बादलीत मिळतो. काय करायचं ते बघा.

बसायला विटांचा पक्का कट्टा, दीड फूट उंच. प्लॅस्टिकचं स्टूल ओल्या फरशीवर सरकतं. कट्ट्याशेजारी भिंतीला स्टीलची दांडी, मुठीत मावेल अशी, सव्वा ते दीड इंच जाडीची. बोटं आत जायला भिंतीपासून दोन इंच सोडा. उंची गवंड्यानं ठरवायची नाही. जिला वापरायची तिला कट्ट्यावर बसवून, उठवून खूण करा. दांडी विटेत पक्की रोवा आणि घरातल्या धडधाकट माणसाला ओढून बघायला लावा. टॉवेलची दांडी आधाराची नसते, ती हातात येते.

खाली चकचकीत टाइल नको, खरबरीत शहाबादी चालेल. साबणाचा थर रोज घासायचा. उंबऱ्याऐवजी छोटा उतार करा. दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत कुणी पडलं तर अंगानं दार अडतं. कडीही बाहेरून काढता येईल अशी घ्या. व्हीलचेअर असेल तर दार तीन फूट आणि वळायला पाच फूट जागा लागते.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम. कोपरानं बघून मगच अंगावर घ्या. साखरेचा आजार असलेल्यांच्या पायाला चटका कळत नाही, त्यांनी पाय गरम पाण्यात शेकत बसू नये. हीटरचा रॉड बंद करून, पिन काढूनच पाण्यात हात घाला. गॅस गीझर बंद न्हाणीत नको. त्याच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस जागीच बेशुद्ध पडतं.

६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांसाठी २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. तिच्यात ३००० रुपये एकदाच खात्यावर येतात. कमोड खुर्ची, वॉकर, काठी अशा वस्तूंसाठी ते आहेत. सध्या अर्ज चालू आहेत का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारा.

आता खरं बोलते. आपल्या गटात शेळीला कर्ज निघतं, म्हशीला निघतं, पोरांच्या फीला निघतं. "मला न्हाणीत दांडी आणि कट्टा करायचाय," असं म्हणून कुणी अर्ज दिलेला मी अजून पाहिला नाही. कमावणारं अंग मोडलं तर हप्ता कोण भरणार? पडून खुब्याचं हाड मोडलं की अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं घरातल्या बाईलाच करावं लागतं.

म्हणून पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीनं आपली न्हाणी डोळे उघडे ठेवून बघायची. काय घसरतं, कुठं धरायला नाही, ते गटात सांगायचं. ज्यांना गरज आहे त्यांनी अंतर्गत कर्जाचा अर्ज आणायचा. इतिवृत्तात पहिला विषय हाच लिहू.