खराटा आणि हशा



भिंतीवरच्या तसबिरीतले गाडगेबाबा नेहमी गंभीर असतात. हातात खराटा, अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. दर 23 फेब्रुवारीला या तसबिरीला हार चढतो, काही मान्यवर झाडलेलाच रस्ता पुन्हा झाडताना छायाचित्रात येतात आणि जयंती साजरी होते. या सगळ्यात हरवतो तो बाबांचा विनोद. हजारोंच्या सभेला पोट धरून हसवणारा हा माणूस होता, हे तरुण पिढीला सांगावे लागते.

1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. वडील व्यसनापायी अकाली गेले. आईने पोराला घेऊन दापुऱ्याला भावाचे घर गाठले. तिथे डेबूने गुरे राखली, नांगर धरला. शाळेचे तोंड पाहिले नाही. मामांची जमीन सावकाराच्या कागदात अडकली आणि माणसे ताबा घ्यायला आली, तेव्हा औत सोडून त्यांना शेताबाहेर घालवणारा हाच निरक्षर भाचा. कर्ज काढून सण करू नका, हा त्यांच्या कीर्तनातला आग्रह पोथीतून आलेला नव्हता. तो त्या शेतात उगवलेला होता. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुसले. डेबूजी मात्र बधले नाहीत.

1905 मध्ये त्यांनी घर सोडले, पण कष्ट सोडले नाहीत. गावात शिरायचे, कोणी न सांगता रस्ते झाडायचे, कोणाची लाकडे फोडून द्यायची आणि मगच भाकरीचा तुकडा मागायचा. फुकटचे अन्न त्यांना पचत नसे. पूर्णाकाठी ऋणमोचनला यात्रेकरू चिखलात घसरत, तिथे त्यांनी घाट उभा केला.

आणि रात्री कीर्तन! भाषा वऱ्हाडी, पद्धत प्रश्नोत्तरांची. देव स्वतः आंघोळ करतो का, स्वतःचे धोतर नेसतो का, नैवेद्यावर आलेले कुत्रे त्याला हाकलता येते का, असे ते अगदी भाबड्या चेहऱ्याने विचारीत. सभा ‘नाही’ म्हणून ओरडे, हसू लागे आणि हसता हसता आपणच फेडलेल्या नवसांची तिला लाज वाटू लागे. नवसाला कापलेल्या बोकडाची, सावकाराच्या दारात झिजलेल्या वहाणांची, शिवाशिवीची गोष्ट याच वाटेने येई. कोणी म्हणतील, ही देवाची थट्टा झाली. तसे असते तर शेवटी ‘देवकीनंदन गोपाला’च्या गजरात तीच सभा उभी राहून नाचली नसती. घरातली जळमटे एवढ्या हक्काने घरचाच माणूस काढतो. पायावर डोके ठेवायला येणाऱ्याला मात्र काठी मिळे. तेवढ्यापुरता विनोद संपलेला असे.

लोकांनी त्यांच्या झोळीत लाखो रुपये टाकले. त्यातून पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. अन्नछत्रे, गोरक्षण संस्था, वसतिगृहे झाली. पत्नी कुंताबाईंना मात्र या इमारतींत जागा नव्हती. त्या झोपडीत राहिल्या. औदार्याची ही बाजू सांगताना जीभ अडखळते, कारण त्याची किंमत त्या माउलीनेही मोजली आणि तिची जयंती कोणी करीत नाही. एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूची वार्ता बाबांना कीर्तन चालू असताना मिळाली. कीर्तन थांबले नाही.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी होती. विठ्ठलाच्या दारी येऊनही त्यांना रात्री टेकायला जागा मिळत नसे. ही वास्तू 1949 साली बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. एक निरक्षर, दुसरा विद्येचा महामेरू. दोघेही 1956 च्या डिसेंबरात, चौदा दिवसांच्या अंतराने गेले. 20 तारखेला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, चालत्या मोटारीत बाबांनी प्राण सोडला.

त्याआधी सहा आठवडे, 8 नोव्हेंबरला, मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित आहे आणि आजही ऐकता येते. ऐंशी वर्षांचा तो आवाज प्रश्न टाकतो, उत्तरासाठी थांबतो, आणि समोरून शेकडो माणसे एकदम ‘नाही’ म्हणतात.