वस्त्रातली चांदी

तापीच्या काठी वसलेल्या बऱ्हाणपूरचा आणि कापडाचा संबंध फार जुना आहे. सतराव्या शतकात तावर्निये हा फ्रेंच जवाहिरा या वाटेने गेला, तेव्हा येथे विणलेले तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, इतकेच नव्हे तर पोलंडपर्यंत जाते, अशी नोंद त्याने करून ठेवली. सोन्याचांदीच्या तारा घालून विणलेल्या येथील ओढण्यांचेही वर्णन त्याने केले आहे. त्या ओढण्यांतील चांदी डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. वस्त्र जीर्ण झाले तरी तिचे मोल उरे. जुनी जर विकत घेणारा दारी येई, जरीचे काठ नेऊन जाळी आणि राखेतून धातू वेगळा काढी. चांदी पुन्हा सोनाराकडे किंवा तार ओढणाऱ्याकडे परत जाई.

आज वस्त्रात पुन्हा एकदा चांदी आली आहे. पण ती शोभेसाठी नव्हे. घामाची दुर्गंधी येऊ नये म्हणून मोज्यांत आणि खेळाडूंच्या कपड्यांत, तसेच जखम चिघळू नये म्हणून मलमपट्टीच्या कापडात चांदीचे अतिसूक्ष्म कण बसविले जातात. हे कण नॅनोमीटर या मापाने मोजतात. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. मनुष्याच्या केसाची जाडी सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर भरते, आणि हे कण बहुधा शंभर नॅनोमीटरहूनही लहान असतात.

पदार्थ इतका बारीक झाला म्हणजे त्याचा स्वभाव पालटतो. एक सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंची असलेला घन घेतला, तर त्याच्या सहाही बाजूंचे क्षेत्रफळ मिळून सहा चौरस सेंटिमीटर होते. त्याच घनाचे एकेक नॅनोमीटरचे तुकडे केले, तर त्या सर्वांचे एकूण पृष्ठ जवळजवळ दीड एकर भरेल! जेवढे पृष्ठ अधिक, तेवढा भोवतालच्या पाण्याशी, हवेशी आणि सजीव पेशींशी संपर्क अधिक. या कणांचे सामर्थ्य त्यातच आहे आणि त्यांच्याविषयीची शंकाही त्यातूनच उपजते. जी चांदी मोज्यातील जंतू मारते, ती मोजा धुतल्यावर कोठे जाते?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील विद्यापीठात दोन संशोधकांनी २००८ साली हाच साधा प्रश्न विचारला. बाजारात मिळणारे चांदीयुक्त मोजे आणून त्यांनी ते पाण्यात घुसळले आणि धुवणाचे पाणी तपासले. काही मोज्यांतील जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच निघून गेली. काहींतील मात्र फारशी हलली नाही. सारा फरक चांदी धाग्यात कोणत्या रीतीने बसविली होती याचा होता. दोष पदार्थाचा की तो वापरण्याच्या रीतीचा, हे तपासल्यावाचून कळत नाही.

अशा तपासणीसाठी स्वतंत्र विद्यापीठीय केंद्रे उभी राहिली. २००८ सालीच अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत आणि ड्यूक विद्यापीठात अशी दोन केंद्रे सरकारी साहाय्याने स्थापन झाली. त्यांची कार्यपद्धती समजून घेण्याजोगी आहे. प्रथम कणांचा आकार, रूप आणि त्यांवरील विद्युत्भार मोजावयाचा. मग काचपात्रातील पेशींवर, त्यानंतर शेवाळ, पाणपिसू आणि झेब्रा मासा अशा लहान जीवांवर परिणाम पाहावयाचा. ड्यूक येथील संशोधकांनी तर याही पुढे जाऊन जंगलाच्या मोकळ्या जागेत मोठमोठ्या पेट्यांमध्ये माती, पाणी, वनस्पती आणि मासे यांसह लहानशा पाणथळी निर्माण केल्या, त्यांत चांदीचे कण सोडले आणि पुढे काय घडते त्याचे निरीक्षण केले.

या शोधातून जे हाती आले ते भीतीही वाढवीत नाही आणि बेफिकिरीलाही आधार देत नाही. सांडपाण्यात गंधकाशी संयोग होऊन चांदीचे बरेचसे कण सिल्व्हर सल्फाइड बनतात आणि त्यांची दाहकता पुष्कळ उतरते. परंतु सांडपाणी शुद्ध करण्याचे काम ज्या जंतूंवर सोपविलेले असते, त्यांनाही चांदी मारक आहे. आणि जेथे शुद्धीकरणाची सोयच नाही, तेथे हे पाणी थेट नदीत मिसळते. तापी ही मुलताईला उगम पावून बऱ्हाणपूरवरून खानदेशात उतरते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. वरच्या गावाने धुतलेले खालच्या गावापर्यंत पोहोचते. म्हणून हा प्रश्न एकट्या बऱ्हाणपूरचा राहत नाही.

पारख आधी न करता पदार्थ वापरात आणला म्हणजे काय होते, याची उदाहरणे जुनीच आहेत. ॲस्बेस्टॉस स्वस्त होते, जळत नव्हते, कुजत नव्हते. छपरांना, नळांना, गाड्यांच्या ब्रेकांना ते सर्रास वापरले गेले. त्याच्या तंतूंनी होणारे फुप्फुसाचे विकार वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतात, हे ध्यानी येईपर्यंत कामगारांच्या पिढ्या त्या धुळीत वावरून गेल्या होत्या. ब्रिटनने १९९९ साली त्यावर पूर्ण बंदी घातली. सूतगिरण्यांतील कापसाच्या धुळीनेही असाच दमा जडे. सुट्टीनंतर कामावर येताच छाती भरून येई, म्हणून पहिल्या दिवसाचा त्रास सर्वांत अधिक असे. कापूस तर निसर्गाचीच देणगी. पण त्याची धूळ निरुपद्रवी नव्हती.

नव्या पदार्थांच्या बाबतीत हा धडा थोडा लवकर गिरविला गेला, हे सुदैव म्हणावे लागेल. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या पोलादाहून बळकट आणि वजनाला हलक्या असतात. एडिंबरो येथील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगांत २००८ साली असे आढळले की, त्यांपैकी लांब व ताठ नळ्या उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉससारखाच दाह निर्माण करतात. आखूड व गुंतलेल्या नळ्या तसे करीत नाहीत. म्हणजे घातक रूप टाळून उपयुक्त रूप निवडता येते. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदार्थ घडवितानाच त्याची सुरक्षितता आणि शाश्वतता विचारात घेण्याची जी शिफारस केली, तिचे सार हेच आहे.

शाश्वतता म्हणजे काय, हे बऱ्हाणपूर जिल्ह्याला दूर जाऊन शिकावे लागणार नाही. जिल्ह्यातील नेपानगरचा कागद कारखाना १९५६ साली पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. सालईचे लाकूड आणि बांबू यांपासून तेथे वृत्तपत्राचा कागद होऊ लागला. पुढे जंगल किती पुरणार हा हिशेब समोर आला आणि कारखान्याला रद्दी कागदाकडे वळावे लागले. आज या भागात केळीच्या सोपटांपासून धागा काढण्याचे प्रयत्न होत आहेत. घड कापल्यावर वाया जाणाऱ्या सोपटाला मोल मिळावे, ही कल्पना स्वागतार्ह आहे. परंतु तो धागा मऊ करण्यास किती पाणी आणि किती कॉस्टिक सोडा लागतो, ते पाणी कोठे सोडले जाते, वाहतुकीला किती इंधन जळते, हेही मोजावे लागेल. केळीचा धागा नैसर्गिक आहे एवढ्यावरून तो परीक्षेतून सुटत नाही.

या परीक्षेची साधने देशात नाहीत असे नाही. लखनौची विषविज्ञान संस्था १९६५ पासून कार्य करीत आहे. नागपूरला पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था आहे. भोपाळला प्रगत पदार्थांची प्रयोगशाळा आहे. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली सुरू झालेली कापूस तंत्रज्ञानाची संस्था आहे. शेती व खाद्य यांतील नॅनो पदार्थांच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारने २०२० साली मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. उणीव आहे ती प्रयोगशाळा आणि यंत्रमाग यांमधील अंतराची. दहा-वीस माग चालविणाऱ्या कारखानदाराला पाणपिसूवरील प्रयोग करणे शक्य नाही. त्याला रसायनाचा डबा मिळतो, त्यावर नाव असते आणि भाव असतो. हा लेप किती धुण्यांपर्यंत टिकतो, धुवणात काय उतरते, भट्टीवर काम करणाऱ्याच्या श्वासात काय जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्या भाषेत त्या डब्यासोबत आली पाहिजेत. ती देण्याचे दायित्व विकणाऱ्याचे आहे आणि ती खरी आहेत की नाहीत हे तपासण्याचे काम विद्यापीठांचे आहे.

बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची योजना १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात झाली. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी भूमिगत वाटेने गावात आणताना त्या वाटेवर ठायी ठायी कुंड्या खोदल्या गेल्या. त्यांतून प्रकाश आणि हवा आत जाई, आणि माणसाला आत उतरून पाणी पाहता येई. वाहणाऱ्या पाण्यात काय आहे हे डोळ्यांनी पाहण्याची सोय त्या बांधणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवली होती. नव्या पदार्थांच्या वाटेवर तशा कुंड्या खोदणे एवढेच या संशोधन केंद्रांचे काम आहे. ते काम कापड बाजारात जाण्यापूर्वी झाले, तर तापीकाठच्या माणसांना त्याची किंमत नंतर मोजावी लागणार नाही.