रेशीम न विणणारा रेशीमपतंग

श्रोतेहो, रेशमाचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे तुतीच्या पानांवर वाढणारी अळी उभी राहते. भंडारा-गडचिरोलीकडील माणसाला ऐन आणि अर्जुन यांच्या फांद्यांवरचे टसराचे कोसे आठवतात. टसराचा पतंग ज्या 'सॅटर्निइडी' कुलातला आहे, त्याच कुलातल्या एका आफ्रिकी पतंगाविषयी आज बोलावयाचे आहे. त्याचे शास्त्रीय नाव 'बुनेआ अल्सिनोए'. कुळाने हा रेशीमपतंग खरा. पण तो रेशमाचा कोसा विणत नाही. त्याची पूर्ण वाढलेली अळी झाडावरून खाली उतरते, जमिनीत शिरते आणि मातीतच कोषावस्थेत जाते. केवळ नावावरून प्राणी ओळखू पाहणाऱ्याची फसगत येथूनच सुरू होते.

सहाराच्या दक्षिणेस आफ्रिकेच्या फार मोठ्या भागात हा पतंग आढळतो. पंख पसरले म्हणजे त्याची रुंदी १६ सेंटिमीटरपर्यंत भरते. रंग तांबूस तपकिरी. पुढच्या पंखावर एक लहानसा फिकट, पारदर्शक डाग असतो. मागच्या पंखावर नारिंगी रंगाचा, काळ्या-पांढऱ्या वलयांनी वेढलेला डोळ्यासारखा ठिपका असतो. प्रौढ पतंगाला अन्न घेता येईल असे तोंडच नसते. अळीपणी साठविलेल्या चरबीवर तो काही दिवस जगतो आणि तेवढ्या अवधीत मीलन व अंडी घालणे ही दोन कामे उरकतो.

या जातीला नाव मिळाले १७८० मध्ये. परदेशी फुलपाखरांच्या रंगीत चित्रांचा एक मोठा ग्रंथ त्या काळी ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध होत होता. तो सुरू करणारे पीटर क्रामर १७७६ मध्ये निवर्तले आणि कास्पर स्टोल यांनी ते काम पुरे केले. 'अल्सिनोए' हे नाव स्टोल यांनी दिले. हे काम झाले ते प्रौढ पतंगाचे रूप पाहून. पुढे आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून नमुने युरोपात जाऊ लागले, तेव्हा अडचण उभी राहिली. कोणता विटकरी, कोणता गडद तपकिरी. कोणाचा ठिपका मोठा, कोणाचा लहान. प्रत्येक वेगळेपणाला वेगळे नाव देण्याचा मोह अभ्यासकांना झाला आणि एकाच प्राण्याला अनेक नावे चिकटली.

मग ओळख पटवावयाची कशी? पहिला उपाय शेजारच्या जातींशी तुलना करण्याचा. दक्षिण आफ्रिका खंडात 'गोनिम्ब्रेशिया बेलिना' नावाचा याचाच एक नातलग आहे. वेस्टवुड यांनी त्याचे वर्णन १८४९ मध्ये केले. त्याच्याही मागच्या पंखावर नारिंगी डोळा असतो. मात्र पुढच्या पंखावर पारदर्शक डागाऐवजी दुसरा लहान डोळा असतो. अळ्या पाहिल्या तर संशयाला जागाच उरत नाही. बुनेआची अळी मखमली काळी असून तिच्या अंगावर पांढुरके, जाड काटे असतात. बेलिनाच्या काळ्या अळीवर पांढुरक्या-पिवळ्या खवल्यांचे दाट ठिपके असतात आणि तिचे काटे आखूड असतात. पंखांचा रंग फसवील, पण अळी सहसा फसवीत नाही.

म्हणूनच जाणता संग्राहक दिव्यामागे पांढरा पडदा लावून पतंग पकडण्यावर समाधान मानीत नाही. तो मादी जिवंत ठेवतो, तिची अंडी मिळवितो, अळ्या वाढवितो आणि प्रत्येक कात टाकल्यानंतरचे रूप टिपून ठेवतो. टाचणीवर लावलेल्या प्रत्येक नमुन्याखाली तो एक चिठ्ठी अडकवितो. तीत गाव, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि अळी कोणत्या झाडावर सापडली त्याचे नाव असते. ही चिठ्ठी नसेल, तर सर्वांत देखणा नमुनाही शोभेची वस्तू ठरतो. चिठ्ठी असेल, तर फाटक्या पंखाचा पतंगही शंभर वर्षांनंतर साक्ष देतो.

जेथे बाह्यरूपाने निकाल लागत नाही, तेथे पोटाच्या टोकाशी असलेले जननेंद्रियांचे कठीण भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. २००३ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी आणखी एक साधन सुचविले: पेशीतील एका ठराविक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून जात ओळखणे. वाळलेल्या पतंगाचा एक पाय त्याला पुरतो. परंतु तो तुकडा कोणत्या नावाशी जुळवावयाचा, हे ठरविण्यासाठी खात्रीने ओळखलेला नमुना आणि त्याची चिठ्ठीच लागते. नव्या विद्येने जुन्या शिस्तीची गरज वाढविली आहे, कमी केलेली नाही.

श्रोतेहो, एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर आफ्रिकेतील स्वयंपाकघरात आहे. या कुलातील अनेक अळ्या तेथील लोकांचे अन्न आहेत. बुनेआची अळी मध्य आफ्रिकेत खाल्ली जाते. बेलिनाची अळी तर बोट्स्वाना, झिम्बाब्वे आणि दक्षिण आफ्रिका या देशांत उकडून, वाळवून बाजारात विकली जाते. वाळलेल्या अळीच्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. बोट्स्वानाने आपल्या ५ पुलाच्या नाण्यावर तिचे चित्र घातले, यावरून तिची प्रतिष्ठा ध्यानी यावी. गरीब घरांना आणि विशेषतः अळ्या वेचणाऱ्या स्त्रियांना त्यातून चार पैसे मिळतात.

आता अळी मातीत शिरते या गोष्टीकडे पुन्हा पाहा. झाडावरची शेवटची अळी वेचली, तर जमिनीत कोष राहत नाहीत. कोष नाहीत, तर पुढच्या हंगामात पतंग नाहीत. वेचणी केव्हा थांबवावी, कोणते झाड राखावे, हे प्रत्येक जातीचे वेळापत्रक वेगळे असल्याने जातीनुसार ठरते. टिपणात नुसते 'अळ्या' एवढेच लिहिले असेल, तर एक जात नाहीशी होत असतानाही एकूण पोत्यांचा आकडा भरलेलाच दिसेल.

वेचणाऱ्या बाईला अळी ठाऊक आहे, तिचे झाड ठाऊक आहे, ती केव्हा उतरते तेही ठाऊक आहे. संग्रहालयातील पंडिताला पतंग आणि त्याचे लॅटिन नाव ठाऊक आहे. या दोन ज्ञानांची गाठ घालणारा दुवा म्हणजे ती टाचणीखालची लहानशी चिठ्ठी. तीवर झाडाच्या नावाबरोबर अळीचे स्थानिक नावही लिहिले गेले, तर या पतंगाची ओळख खऱ्या अर्थाने पुरी होईल.