रक्ताचें नातें आणि रक्ताचा गट

मराठी भाषेनें रक्ताला नात्यांत मोठा मान दिलेला आहे. सख्खा भाऊ हा रक्ताचा. इतर सारे त्या मानानें परके. ह्याच समजुतीनें एखाद्या रुग्णाला रक्त चढविण्याची वेळ आली कीं भाऊ बाही वर करून पुढें येतो आणि म्हणतो, “माझेंच काढा, परक्याचें कशाला?” त्याच्या मायेविषयीं शंका नको. परंतु नळींतून वाहणाऱ्या रक्ताला नातें कळत नाहीं, गट तेवढा कळतो.

१९०१ सालीं व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर ह्यांनीं आपल्या व आपल्या सहकाऱ्यांच्या रक्ताचे नमुने एकमेकांत मिसळले, तेव्हां कांहीं मिश्रणांत तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या व कांहींत झाल्या नाहींत. त्यांतून ए, बी आणि ओ हे गट निश्चित झाले. एबी हा चौथा गट पुढील वर्षीं सांपडला. पेशीवर जें चिन्ह नसतें त्याच्याविरुद्ध लढणारीं प्रतिद्रव्यें माणसाच्या रक्तरसांत असतात. ए गटाच्या माणसाला बी गटाचें रक्त दिलें तर आलेल्या पेशी फुटतात, मूत्रपिंडें बंद पडतात आणि प्राणावर बेततें. आईबाप ए आणि बी गटांचे असले तर त्यांच्या चार मुलांचे चार गटही होऊं शकतात. मग सख्ख्या भावाचें रक्त जुळेलच असें कोणीं कसें म्हणावें?

नुसत्या गटाच्या नांवावरही विसंबून चालत नाहीं. हें मुंबईनें जगाला शिकविलें. तेथील डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया ह्यांनीं इंग्रज संशोधकांच्या साहाय्यानें १९५२ सालीं एका नव्या रक्तप्रकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. वरवर पाहतां हें रक्त ओ गटाचें वाटतें; पण त्यांतील रक्तरस ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करतो. ए व बी हीं चिन्हें ज्या एच नांवाच्या पायावर उभीं राहतात, तो पायाच ह्या लोकांच्या पेशींत नसतो. त्यांना दुसऱ्या ‘बॉम्बे’ गटाच्या माणसाचेंच रक्त चालतें. म्हणूनच रक्तपेढींत गट पाहिल्यावरही दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा रक्तरस प्रत्यक्ष जुळवून पाहतात. त्यासाठीं लागणारा वेळ पाहून नातलगांनीं चिडूं नये. रुग्णाची सुरक्षितता त्या वेळांतच असते. विदर्भांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांतील ज्यांना वारंवार रक्त घ्यावें लागतें, त्यांच्या अंगांत इतर लहान गटांविरुद्धही प्रतिद्रव्यें तयार होऊं शकतात, व जुळणारें रक्त मिळणें उत्तरोत्तर कठीण होतें.

मूत्रपिंड बसवितांनाही ए, बी, ओ ह्यांचा हाच नियम लागतो, कारण हीं चिन्हें रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतात. प्रतिद्रव्यें काढून टाकून गट न जुळणारें मूत्रपिंड बसविण्याची सोय आतां झाली आहे. पण तो मार्ग खर्चाचा व जोखमीचा आहे.

सर्वांत करुण प्रसंग मात्र आईच्या पोटांतच घडतो. वर्धा जिल्ह्यांतील आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्याच्या एखाद्या खेड्यांतील सून डोळ्यांपुढें आणावी. पहिलें मूल सुखरूप झालें. दुसरें जन्मल्यावर कांहीं तासांतच पिवळें पडलें आणि गेलें. तिसरें पोटांतच गेलें. शेजारीपाजारी कुजबुजूं लागले कीं, हिच्या कुशींतच दोष आहे. सासूनें अंगारे आणले, नवऱ्याला दुसऱ्या लग्नाचा सल्ला मिळाला. वस्तुतः दोष कोणाचाच नव्हता. सून आर-एच निगेटिव्ह होती, नवरा पॉझिटिव्ह होता, आणि मुलांनीं बापाचा गट घेतला होता, एवढेंच. पहिल्या बाळंतपणांत बाळाचें थोडेंसें रक्त आईच्या रक्तांत उतरलें. आईच्या शरीरानें तें परकें मानून प्रतिद्रव्यें तयार केलीं. तीं पुढच्या खेपेस वारेंतून पलीकडे गेलीं आणि बाळाच्या पेशी फोडूं लागलीं.

ह्या घटकाची ओळख १९४० सालीं लँडस्टायनर व वीनर ह्यांनीं पटविली. त्यावरील प्रतिबंधक उपाय लिव्हरपूल व न्यू यॉर्क येथील संशोधकांनीं काढला, आणि १९६८ पासून तो वापरांत आला. अँटी-डी नांवाची ही एक सुई आहे. गर्भारपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यांत, आणि मूल पॉझिटिव्ह असल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आंत ती देतात. गर्भ पडला तरीही ती द्यावी लागते. आईच्या रक्तांत प्रतिद्रव्यें एकदां तयार झालीं म्हणजे तिचा उपयोग नाहीं. मग पोटांतल्या बाळाला रक्त देणें किंवा जन्मल्यावर त्याचें रक्त बदलणें, हे अवघड मार्ग उरतात. आई ओ गटाची व मूल ए किंवा बी गटाचें असल्यास पहिल्या मुलालाही कावीळ होऊं शकते. परंतु ती बहुधा सौम्य असते व निळ्या प्रकाशाखालीं ठेवून आटोक्यांत येते.

सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर ह्यांच्या परिश्रमांतून वाढलेलें कस्तुरबा रुग्णालय आहे आणि १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे; सावंगीलाही मोठें रुग्णालय आहे. तेथें रक्तपेढ्या आहेत. पण हे ७२ तास रुग्णालय मोजूं लागतें तें आईचा गट ठाऊक असला तरच. खेड्यांत घरीं झालेल्या बाळंतपणांत, किंवा गुपचूप पडलेल्या गर्भाच्या वेळीं, ते तास कोणाच्याही नकळत संपतात.

म्हणून शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं एक लहानसें काम अंगावर घ्यावें. घरांत कामाला येणारी बाई, गांवाकडची भाची, शेतावरच्या गड्याची बायको, ह्यांपैकीं कोणाला दिवस गेले असें कळलें कीं पहिला प्रश्न विचारावा : “गट तपासला का?” निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही तपासावा, आणि सुईचा दिवस कागदावर लिहून द्यावा. ज्या घरांत मूल दगावलें असेल, तेथें आईला बोल लावण्याआधीं तिचें रक्त तपासून घ्यावें. रक्ताचें नातें अशाच वेळीं कामाला यावयास हवें.