मधुमेह, मूत्रपिंड आणि आतड्याचा निरोप्या



इंदूरहून उज्जैनकडे जाताना सांवेर रोडची औद्योगिक वसाहत लागते. तेथे औषधांचेही कारखाने आहेत. परंतु औषधे बांधून देणाऱ्या कामगारासही स्वतःच्या मूत्रपिंडाची वार्ता सहसा नसते. पाळीचे काम, अवेळी जेवण, वरचेवर गोड चहा. अशा दिनक्रमात मधुमेह शिरला तरी वर्षानुवर्षे त्याची चाहूल लागत नाही. हीच स्थिती गोव्याची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत गोव्यातील २६.४ टक्के प्रौढांस मधुमेह आढळला.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातील साखर व रक्तदाब दीर्घकाळ चढे राहिले म्हणजे त्यांवर ताण पडतो, आणि रक्तातच राहावयाचे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीवाटे झिरपू लागते. या अवस्थेत ना वेदना, ना सूज. पायांस सूज दिसते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

एका अवयवाचा निरोप रक्तावाटे दुसऱ्यास पोचविणारे द्रव्य म्हणजे संप्रेरक. १९०२ साली लंडन येथे बेलिस व स्टार्लिंग यांनी आतड्यातील सिक्रेटिन शोधले. १९२१ साली टोरांटोत इन्शुलिन हाती आले. जीएलपी-१ हेही आतड्याचेच पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची लहानशी साखळी. जेवणानंतर साखर वाढली की ते स्वादुपिंडास इन्शुलिन सोडावयास लावते व भूक आवरते. परंतु ते काही मिनिटांतच नष्ट होते. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या धर्तीवर आठवडाभर टिकणारे सेमाग्लुटाइड घडविले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लो’ चाचणीत मधुमेह व मूत्रपिंडविकार असलेले ३,५३३ रुग्ण होते. हे औषध टोचून घेणाऱ्यांत मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका २४ टक्क्यांनी कमी आढळला.

हा रोगाचा नायनाट नव्हे. त्याची चाल मंदावणे होय. शिवाय हे औषध वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे, आणि ते सर्वांच्या खिशाला परवडणारे नाही. मधुमेह्याने वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घेणे, रक्तदाब आवरणे आणि वेदनाशामक गोळ्या मनास येईल तशा न घेणे, हे मात्र बहुतेकांस साधण्यासारखे आहे.

कारखान्यात पाळी संपल्याचा भोंगा वाजतो. मूत्रपिंडास भोंगा नसतो. म्हणून आपणच वेळीच विचारपूस करावी, हेच सर्वांस नम्रपणे सांगणे आहे.