बांधावरचा मोह



चैत्रात देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या तालुक्यांतील बायका-मुले उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन घराबाहेर पडतात. रात्रभर गळालेला मोहफुलांचा सडा ऊन चढण्याआधी वेचावा लागतो. गुरे आणि वानरे कोणासाठी थांबत नाहीत. अंगणात पसरलेली ही रसरशीत फुले काही दिवसांत मनुकांसारखी तांबूस होतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक शर्करा असते. ते उकळून केलेल्या चहाला वेगळी साखर लागत नाही. गोंड, हलबा आदी वनवासी कुटुंबांसाठी हे फूल टंचाईच्या महिन्यांतील अन्न होते आणि बाजाराच्या दिवशी हाती येणारा पैसाही.

शहरी मनाला मात्र मोह म्हटले की दारूच आठवते! १९४९ च्या दारूबंदी कायद्यालाही तेवढेच दिसले. फुलांचा साठा, वाहतूक सारे परवान्यात अडकले. राज्य शासनाने ही बंधने २०२१ मध्ये उठवली, हे योग्यच झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर जंगलातील गौण वनोपजावर वनवासींचा हक्क मान्य केला.

परंतु सगळाच मोह जंगलात नाही. धान पिकविणाऱ्या या जिल्ह्यात कितीतरी जुने वृक्ष बांध्यांच्या धुऱ्यांवर उभे आहेत. झाड एकाचे आणि वेचणारे हात दुसऱ्याचे, असेही पुष्कळदा असते. गोंदिया शहराच्या कडेला किंवा महामार्गालगत एखादी बांधी अकृषक होते, तिचे भूखंड पडतात, तेव्हा तेथील मोह अडचण ठरतो. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत सागाबरोबर मोहाचेही नाव आहे. तो विनापरवाना तोडता येत नाही. पण परवानगी मागायची ती जमीनधारकाने. त्या झाडाखाली पिढ्यान्‌पिढ्या फुले वेचणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही. बदली रोप लावले तरी त्याला भरघोस फुले येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. तोवर तिच्या मुली शाळा संपवून सासरी गेलेल्या असतात.

ग्रामसभांनी धुऱ्यावरील प्रत्येक मोहाची आणि त्याखाली वेचणाऱ्या घरांची नोंद ठरावात घ्यावी. भूखंडाचा नकाशा मंजूर होण्याआधी तो ठराव तहसील कार्यालयात पोचला पाहिजे.